गालिचाकाकांची माती

जन्मभर लोकांच्या कचेऱ्यांत आणि बैठकीच्या खोल्यांत गालिचे बसवणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी काय हवं असेल? माती! आठवडाभर गुडघ्यांवर रांगत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा ताणायचा, आणि सुट्टी आली की रिमोटची गाडी काखोटीला मारून वस्तीच्या टोकाला असलेला मातीचा ट्रॅक गाठायचा. खड्डे, उंचवटे, वळणं, आणि त्यावरून उड्या मारत सुसाट पळणाऱ्या वीतभर गाड्या. संध्याकाळी नाकाकानांत धूळ भरून स्वारी घरी आली की बायको दारातच अडवायची. "अहो, तिथेच थांबा! आधी कपडे झटका, मग उंबरा ओलांडा!"

ट्रॅकवरची मंडळी त्यांना गालिचाकाका म्हणत, म्हणून त्या आपोआप काकू झाल्या. काकूंना बोलायला लागतं. भाजी चिरताना बोलतात, झोपेत बोलतात, आणि व्हॅनमध्ये नवऱ्याशेजारी बसल्या की काही विचारूच नका. "डावीकडे घ्या, समोरून ट्रक येतोय, अहो, ब्रेक!" काका वैतागून म्हणायचे, "अगं बाई, तुझी टकळी जरा बंद ठेव. गाडी मी चालवतोय ना?"

मग एका वर्षी काकांनी व्हॅन विकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजरेच्या ऐन मध्यावर डाग धरतोय. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. बाहेर आल्यावर काकांनी काकूंचा हात धरला. "ट्रॅकवर कुणाला कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला. कीव करत हातात रिमोट देतील, ते नको मला."

"पण तुम्हाला गाडी दिसते तरी कशी?" काकूंनी विचारलं.

"गाडी नाहीच दिसत. पण तिच्यामागे धुळीचं शेपूट उठतं ना, ते चांगलं लांबलचक असतं, डोळ्याच्या कडेला सापडतं. शेपूट सापडलं की पुढे गाडी आलीच!"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. हा माणूस धूळ बघून शर्यती जिंकत होता, आणि परवाच ढाल घेऊन घरी आला होता! राग आला, हसूही आलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी नवऱ्याचा भारी अभिमान वाटला.

आणि नेमकं त्याच वर्षी ट्रॅक चालवणाऱ्या क्लबच्या डोक्यात टर्फ शिरलं. प्लास्टिकच्या पात्यांचं हिरवंगार खोटं गवत! क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, मनाने सरळ माणूस. त्यांनी बैठकीत सगळं व्यवस्थित मांडलं. मातीला पाणी मारा, झाडू मारा, पाऊस पडला की उंचवटे पुन्हा बांधा, यात निम्मी सुट्टी जाते. टर्फवर यातलं काही नाही. आज जसा ट्रॅक, तसाच उद्या.

"मग उद्या यायचं कशाला?" काका उसळले. "माती सकाळी ओली असते, टायरला धरते. दुपारी वाळली की सोडते. तेच वळण दिवसातून दोनदा शिकावं लागतं, त्यातच तर गंमत आहे!"

"शिकायला टर्फवरही आहेच की, काका. पकड इतकी घट्ट, की जोरात वळवली तर गाडी घसरत नाही, सरळ उलटी होते. शिवाय टायर भराभर झिजतात, तेही मान्य करतो."

"गालिचेवाल्याचाच गालिच्याला विरोध!" मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली. काकाही हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. धूळ गेली की शेपूट गेलं, आणि शेपूट गेलं की या माणसाची सुट्टी संपली. एवढ्या लोकांत हे त्या एकट्यांनाच ठाऊक होतं आणि तोंडाला शपथेचं कुलूप होतं. बोलक्या माणसाचे असे हाल वैऱ्याचेही होऊ नयेत!

तेवढ्यात ट्रॅकच्या कुंपणापलीकडच्या घरातली बाई आत आली. भांडायला आली नव्हती. हातात उशीचा अभ्रा होता. "वारा फिरला की तुमची सगळी शर्यत आमच्या घरात येते हो. आई अंथरुणावर असते, खोकून बेजार होते. खिडकी उघडायची सोय नाही. आज सकाळीच धुतलाय हा."

काकांनी हात पुढे केला. अभ्रा घेतला आणि दोन बोटांत धरून सावकाश चोळला. गालिच्याचा पोत जोखावा तसा त्यांनी तो इकडून तिकडे चाचपला. मग म्हणाले, "टर्फ घाला. मी बसवून देतो."

परतीच्या बसमध्ये काकूंचा बांध फुटला. "अहो, स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात! मतदान तरी होऊ द्यायचं!"

"धुळीची कचकच लागली गं बोटांना," काका म्हणाले. "ती त्यावर आईला निजवते."



टर्फच्या गुंडाळ्या आल्या. काकांचा जोडीदार केव्हाच काम सोडून बसला होता, म्हणून दुसरं टोक धरायला काकू. पदर खोचून उभ्या राहिल्या. काका डोळे मिटून पात्यांवरून तळहात फिरवत आणि सांगत, "पात्यांची लव या बाजूला झुकलीय. उलटं लावलं तर गाडी अडखळेल." काकूंनी एकेका तुकड्याला नाव ठेवलं. सारखा गुंडाळी होऊन बसणारा तो हट्टी. माप चुकल्यामुळे पुन्हा कापावा लागलेला तो दोनदा. मोठ्या उडीपाशी कसाही लावला तरी फुगून बसणाऱ्या तिसऱ्याला त्या सासूबाई म्हणायच्या. आणि मचाणासमोरच्या सरळ रस्त्यावर टाकताक्षणी मुकाट पडून राहिला तो गरीब गाय. मचाण म्हणजे ती उंच फळी, जिच्यावर उभं राहून सगळे गाड्या चालवतात.

एका दुपारी काकूंना युक्ती सुचली. "अहो, सांधे जरा वर ठेवा की. गाडी गेली की टक वाजेल. कानांनी चालवाल."

काकांनी हातातला कटर खाली ठेवला. "जन्मात माझा सांधा कुणाच्या पायाला लागला नाही. आता माझ्या सोयीसाठी बाकीच्यांच्या गाड्या आपटवू? भलतंच काय सांगतेस?"

आणि सांधे असे जुळवले की काकूंना स्वतः धरलेल्या कडा हाताने शोधूनही सापडेनात. त्यांचे डोळे भरून आले. वाटलं शिव्या द्याव्यात, पण द्यायच्या तरी कुणाला?

उद्घाटनाच्या दिवशी काकांनी गाडी घरी माळ्यावर टाकली होती. काकूंनी ती गुपचूप डब्याच्या पिशवीत तळाला घालून आणली. ट्रॅकवर नुसती मजा चालली होती. मातीवरचे भले भले वळणावर कोलांट्या खात होते. सांध्यांचं कौतुक करून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काका, आता तुम्ही!" काकूंनी पिशवीतून गाडी काढून नवऱ्याच्या हातात ठेवली. "एकदाच चालवा. तुमच्या हातचं आहे हे."

काका मचाणावर चढले. गाडी सुटली, आणि पहिल्याच वळणावर कडेच्या फळीला थडकली. कुणीतरी सरळ केली. पुन्हा थडकली. "काका, माती नाही ही!" कुणीतरी ओरडलं. तिसऱ्या खेपेला गाडी हिरव्या गवतात मधेच थांबली. काका मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत डोळ्याच्या कडेने तिला शोधत राहिले. लोकांचं हसणं हळूहळू बंद पडायला लागलं.

काकूंना ते बघवेना. शपथ गेली खड्ड्यात!

"अहो! हट्टीवर आहे गाडी! तोंड कुंपणाकडे आहे. डावीकडे घ्या, पुढे दोनदा!"

सगळ्या माना काकूंकडे वळल्या, मग काकांकडे. डॉक्टरांना सगळं लख्ख समजल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. काका मचाणावर ताठ उभे. आता हा माणूस म्हणणार, टकळी बंद कर, आणि आयुष्यात पुन्हा आपल्याशी बोलणार नाही, असं काकूंना वाटलं. तेवढ्यात काकांचा अंगठा हलला. गाडी डावीकडे वळली.

मचाणावर ड्रायव्हरशिवाय कुणी चढायचं नाही असा नियम आहे. मचाणावर काकांशेजारी उभे असलेले डॉक्टर खाली उतरले आणि त्यांनी काकूंना आपली जागा दिली.

"सासूबाई येतायत. आधी हळू, नाहीतर फुगतील. आता सोडा! उडाली! बरोबर उतरली! आता उजवीकडे, आणखी, आणखी, बास!" काकूंचा आवाज साऱ्या ट्रॅकवर घुमत होता. काकांनी प्रत्येक तुकडा स्वतः चाचपलेला, नाव ऐकलं की लवीची दिशासुद्धा त्यांना कळत होती. शेवटचं वळण घेऊन गाडी मचाणासमोर आली.

"गरीब गाय," काकू म्हणाल्या, आणि श्वास घ्यायला थांबल्या.

"गप्प का झालीस?"

"अहो, सरळच तर आहे आता. सरळ रस्त्यावर काय सांगायचं?"

"काहीही सांग," काका म्हणाले. "पण बोलत राहा."