कार्डांचं कोलम

“अम्मा, माझी अस्की कार्डं, एकूण एक, कुठं ठेवलीस गे?”

“चुलीपुढं वाळाला घाटली आहेत. भिजली नव्हे?”

“भिजली कशी?”

“कोलम घालाला घेटली होती मी. काय नेटकी भोकं आहेत गे! असा साचा अस्क्या तंजावरांत मिळायचा नाही.”

भुवनेश्वरीनं चुलीपुढं जाऊन पाहिलं. सड्याच्या ओल्या अंगणात ठेवून अम्मानं, शेषम्मानं, त्या कार्डांवरून तांदळाचं पीठ चाळून टिपक्यांचं कोलम, म्हणजे रांगोळी, काढलं होतं. कार्डं तळल्या पापडासारखी फुगून अप्पळम झाली होती.

साल १९६४. मद्रासच्या एका विमा कचेरीत नवं यंत्र आलेलं. ते अक्षरं वाचत नाही, कार्डावरची भोकं वाचतं, आणि भोकं पाडायला मुली हव्या होत्या. टायपिंगचे श्रीनिवासराव मास्तर आज घरी येऊन परीक्षा घेणार होते. त्यांनी सरावाला दिलेल्या कार्डांवरची भोकं बघून अक्षर सांगितलं, तर शिफारसपत्र. नाहीतर अप्पांनी ठरवलेलं मास्तरणीचं ट्रेनिंग. आणि भुवनेश्वरीला पोरं दिसली की शिंका येत.

मास्तर आले ते उंबऱ्यापाशीच थबकले.

“कार्डं कुठं गे?”

“तुमच्या पायाशी, मास्तर. पाय उचला. इथंच वाचते, मुंग्या आल्या आहेत.”

ती कोलमापुढं उकिडवी बसली. “टी. ए. एन. हे... तीन टिपके? अक्षराला दोनच लागतात. अम्मा!”

“रिकामं दिसलं गे. शोभेला एक घाटला.”

“मग हे ‘जे’.”

“यंत्रापुढं तुझ्या अम्माला नेऊ नक्को,” मास्तर म्हणाले. “पुढं?”

पुढच्या अक्षराचा एक टिपका मुंग्या ओढून नेत होत्या. तंजावरचं इंग्रजी नाव, शाळेतलं पोरही सांगेल.

“सांगता येत नाही, मास्तर.”

“‘टॅन्जोर’ ठाऊक नाही काय गे?”

“ठाऊक आहे. पण इथं एकच टिपका उरला. यंत्र अंदाज करत नाही, मी कशाला करू?”

मास्तरांनी तिथंच तिण्णैवर, दारच्या ओट्यावर, बसून शिफारसपत्र लिहिलं.

शेषम्मानं विचारलं, “त्या कचेरीत मार्गळीच्या महिन्यात कोलम घालाला सुट्टी देतात काय हो?”

भुवनेश्वरी आत गेली. फुगलेली कार्डं एकावर एक रचली, वर वरवंटा ठेवला, आणि ती सपाट होईस्तोवर पुन्हा अंगणात बसून मुंग्या न शिरलेली दुसरी ओळ वाचायला लागली.