ब्रिस्टलला गेलेलं भरारी पथक

आमच्या यांचा जन्मच संशय घेण्यासाठी झाला असावा. नाव पुरुषोत्तम, नोकरी नागपूरला वीज मंडळाच्या भरारी पथकात. कुणी तारेवर आकडा टाकून वीज चोरतंय का, कुणी मीटरमध्ये काही घालून ठेवलंय का, हे बघण्यात सगळी हयात गेली. माणूस निवृत्त झाला, पण पथक काही निवृत्त झालं नाही. दूधवाला, भाजीवाला, शेजारी, सगळ्यांची तपासणी चालूच. मी नवी नवरी होते तेव्हा माझ्या माहेरहून आलेल्या फराळाच्या डब्याचाही यांनी आधी वास घेतला होता. ते मी अजून विसरलेले नाही.

लेकीच्या लग्नात तर कहर केला. कस्तुरीला सांगून आलेला मुलगा, सुश्रुत, पुण्यात इंजिनिअर होता. हे गुपचूप पुण्याला गेले आणि त्याच्या ऑफिसच्या वॉचमनला चहा पाजून, मुलगा वेळेवर येतो का, कुणाबरोबर जातो, सगळं विचारून आले. वर साखरपुड्यात चारचौघांत सांगितलं की पूर्ण चौकशी करूनच मुलगी देतोय. सुश्रुत हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

तरी माणूस वाईट नाही. कस्तुरीच्या प्रत्येक परीक्षेला तिच्या हातावर दही-साखर ठेवायचं काम यांनी माझ्याकडे कधी येऊ दिलं नाही. आधी दही हुंगायचे, बोटाने चाखून बघायचे, मग लेकीच्या तळहातावर.

लग्नानंतर सुश्रुतला इंग्लंडात ब्रॅकनेलला काम मिळालं. या मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो. विमानतळावर जावई एकटाच आला होता, आणि गाडी न आणता. गाडी विकली म्हणाला, इथे ट्रेनच सोयीची पडते. यांनी माझ्याकडे बघून एक भुवई वर केली. तिथून बसने रेडिंग आणि पुढे ट्रेन.

ट्रेनमध्ये बसल्याबरोबर यांनी खिशातून साखळी काढली आणि दोन्ही बॅगा सामानाच्या मांडणीला बांधून कुलूप ठोकलं. आपल्याकडच्या लांबच्या गाड्यांची सवय. समोरची बाई वर्तमानपत्राआडून बघत होती. तेवढ्यात गाडीत घोषणा झाली की कुठे काही संशयास्पद दिसलं तर ताबडतोब कळवा. सुश्रुतने अर्थ सांगितल्यावर हे खूष झाले. म्हणाले, शहाणं सरकार आहे. पण ब्रॅकनेल आलं तेव्हा किल्ली हाताला लागेना. ती मीच यांच्या बंडीच्या आतल्या खिशात शिवून दिली होती, वर शर्ट, स्वेटर आणि कोट. हे उघडे होईपर्यंत दारं बंद झाली आणि आम्ही पुढच्या स्टेशनावर उतरलो. जावई जराही वैतागला नाही. उलट, हल्ली असं कुलूप कुठे मिळतं, म्हणून कौतुक केलं.

मग आमचं फिरणं सुरू झालं. कस्तुरी एका नर्सरीत काम करते, तिला आठवडाभर सुट्टी नाही. सुश्रुत म्हणाला, मी रजा घेतलीय, तुम्हाला ट्रेनने सगळं दाखवतो. ऑक्सफर्ड झालं. खिडकीतून हिरवी कुरणं, मेंढ्या, कालव्यातल्या होड्या, मला तर स्वर्गच वाटला. हे मात्र खिडकीबाहेर बघतच नव्हते. यांची नजर जावयाच्या पाठीवरच्या बॅगेवर. ती तो मांडणीवर ठेवायचा नाही, मांडीवरून खाली उतरवायचा नाही.

बाथला रोमन लोकांची स्नानगृहं बघून झाल्यावर सुश्रुत म्हणाला, ऑफिसचा एक कॉल आहे, तुम्ही इथे चहा घ्या. गेला तो बऱ्याच वेळाने आला. जाताना घामेजलेला होता, येताना अत्तराचा वास. मानेवर घट्ट कॉलरचा वळ, आणि अंगात तर बिनकॉलरचा टीशर्ट.

"वीणा, या माणसाचं बाहेर काहीतरी आहे," हे म्हणाले. "रजेवरच्या माणसाला कॉल कसला? आणि एवढी रजा देतं कोण?"

मी यांना झाडलं. जावयावर असला आळ घेताना जिभेला हाड नाही का, म्हटलं. पण संशय हा खरजेसारखा असतो, एकाला झाला की घरात सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी मीच कस्तुरीकडे निरखून बघू लागले. पोरगी वाळली होती. हसताना डोळे हसत नव्हते. आता विचारायचं तरी कसं? जावयाला असलं कुणी विचारतं का आपल्यात? त्याला पाटावर बसवून वाढायचं, जाब नाही मागायचा. आणि लेकीला विचारावं, तर तिला ठाऊक नसलं तर तिचा संसार आपणच मोडायचा.

पुढच्या गुरुवारी ब्रिस्टल होतं. स्टेशनापासून चालत जाऊन आम्ही पाण्याकाठी एका बाकावर बसलो. धपाटे खाऊन होतात न होतात तोच सुश्रुतला कॉल आला. बॅग घेऊन निघाला. तो वळणाआड जाताच हे उठले.

"चल. आज पंचनामा."

मी नको नको म्हणत मागे गेले. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. जावई परत स्टेशनात शिरला आणि प्रसाधनगृहात गेला. आम्ही फुलांच्या दुकानाआड उभे. बाहेर आला तो ओळखू येईना. कोट, टाय, चकचकीत बूट. हे माझ्या कानात कुजबुजले, बघ, नवरदेव निघाला. मला रडू फुटायचं बाकी होतं.

तो स्टेशनाजवळच्या एका काचेच्या इमारतीत गेला. बाहेरून सगळं दिसत होतं. टेबलामागच्या मुलीने त्याच्या गळ्यात पाहुण्याचा बिल्ला घातला. तो एका खुर्चीच्या अगदी कडेला बसला. शेजारी आणखी दोघं, त्याच्याहून तरुण, तसेच कोट घातलेले. सुश्रुतचे ओठ हलत होते. कस्तुरी परीक्षेआधी दारात उभी राहून पुटपुटायची, तसे. मग आतून एक माणूस आला आणि आमचा जावई ताडकन उभा राहिला. कोटाला हात पुसून त्याने तो हात पुढे केला.

यांनी माझा हात धरून मला काचेपासून मागे ओढलं. म्हणाले, "याची नोकरी गेलीय." एवढंच.

आम्ही बाकावर परत जाऊन बसलो. सुश्रुत टीशर्टमध्ये आला, कॉल लांबला म्हणाला. हे म्हणाले, हो, चालायचंच. येताना गाडीत पुन्हा ती संशयाची घोषणा झाली. यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी कस्तुरीला विचारलं. ती ओट्याला टेकून रडायला लागली. सुश्रुतची अख्खी टीम कंपनीने काढली होती, आम्ही यायच्या जरा आधी. व्हिसा नोकरीवरचा. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. म्हणून जिथे जिथे मुलाखत, तिथे तिथे आमची सहल. मी म्हटलं, वेडे, आम्हाला सांगायचं नाही का?

"बाबांना प्लीज नको सांगू, आई," ती म्हणाली. "ले-ऑफ म्हटलं की ते आधी विचारतील, यानेच काय घोळ केला. त्याला ते सहन नाही होणार. तो अजून त्या वॉचमनची गोष्ट विसरलेला नाही."

दाराआड उभं राहून ऐकायची यांची जुनी खोड आहे. मी वळले तर हे दारात होते. कस्तुरीने पाहिलं नाही. हे हळूच मागे सरकले आणि हॉलमध्ये जाऊन बसले. मला यांचा इतका राग आला होता आणि तितकीच दयाही येत होती. जन्मभर चोर शोधले, आणि घरातला साधा माणूस यांच्या धाकाने चोरासारखा कपडे बदलत फिरत होता. रात्री यांनी पान तसंच बाजूला सारलं.

सोमवारी बर्मिंगहॅम. रेडिंगला गाडी बदलायची होती. फलाटावर हे म्हणाले, आलोच, आणि एकटेच दुकानात गेले. परत आले ते हातात दह्याची छोटी डबी आणि चहाच्या टेबलावरची साखरेची पुडी घेऊन. डबीवरची तारीख वाचली. झाकण काढून हुंगलं. बोटाने चाखलं. मग पुडी फोडून साखर त्यात ढवळली.

लग्नापासून हे जावयाला सुश्रुतराव आणि तुम्ही म्हणत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "सुश्रुत, हात पुढे कर."

त्याला काही कळेना. त्याने हात पुढे केला, यांनी त्यावर चमचाभर दही-साखर ठेवली. त्याने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्याने ते खाल्लं आणि तसाच मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या खांद्यावरची बॅग यांनी स्वतः काढून घेतली, चेन उघडली आणि कोट बाहेर काढून झटकला.

"हा घालूनच चल आता," हे म्हणाले. "बॅगेत चुरगळतो."