तेलकट कीस

नव्वदच्या दशकात मी अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. यंत्राचे भाग धुवायचं सॉल्व्हंट जमिनीत मुरून आमच्या बोअरच्या पाण्याला गोडसर वास यायचा. मी कोळशाचा फिल्टर लावला. थोड्याच दिवसांत वास परत आला. कुठेतरी वाचून, पाणी ज्यातून गाळायचं त्या पिंपात लेथ मशीनवर निघालेला लोखंडी कीस भरला, तरी तेच.

उल्हासनगरहून भंगार न्यायला येणारा एक माणूस त्या पिंपापाशी थबकला. कीस बोटांत चोळून त्यानं हुंगला आणि हसला.

"साब, याला लेथचं तेल लागलंय. पाणी लोखंडाला शिवणार कसं? सोड्यानं धुवा. आमच्याकडे असल्याच वासाच्या रिकाम्या पिंपात ओला कीस पडून राहिला की वास मरतो. कोळसा नुसता धरून ठेवतो, लोखंड मोडून टाकतं."

त्यानं सांगितलं तसं केलं. पाणी सुधारलं. मॅनेजरनं माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

माझ्या एमएस्सीला जे कळलं नाही, ते त्याच्या दोन बोटांना कळलं, याचा मला भयंकर राग आला. पुढे तो दिसला की मी लॅबमध्ये शिरायचो. त्याचं नावही विचारलं नाही.

पाण्यातलं विष केव्हाच मोडलं. माझ्यातलं मी कोळशासारखं धरून बसलोय.