माळ चालू असताना

काजवालीला माळेच्या वेळी हाक मारायची नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बाई दिवसभर शिंप्यांच्या दुकानांतून आलेल्या सदऱ्यांना काजं करायची, बटणं लावायची, म्हणून ते नाव. संध्याकाळी पाठीला रग लागली की सुई खोचून ठेवायची, हातपाय धुवायची आणि फळीवरच्या मरियामातेच्या पुतळ्यासमोर जपमाळ घेऊन मांडी घालून बसायची. मग कुणीही येवो, बाई जागची हलायची नाही. मातेशी बोलताना मध्येच उठायचं नाही, असं आईनं लहानपणीच बजावलं होतं. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, तरी हिनं हातातला मणी सोडला नाही. वर ती गोष्ट चारचौघांत कौतुकानं सांगायची.

मातेशी तिची मोठी सलगी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, मग रागवायचं तरी कुणावर? शिंप्यानं काम परत पाठवलं की पुतळ्याला विचारायची, "तूच सांग आता, हे काज वाकडं आहे का?" आणि सगळं बोलून झालं की शेवटी एक मागणं ठरलेलं. "धाकटीला एकदा माझ्या शेजारी आणून बसव. बाकी काही देऊ नकोस."

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, तिच्याच घरात राहणारी. लग्न केलं नाही, सिनेमाच्या तिकीटखिडकीत जन्म काढला, आणि जिभेला हाड म्हणून नाही. चर्चमध्ये जायची ती लग्नाला नाहीतर मयताला. थोरली माळ घेऊन बसायला निघाली की ही विचारायची, "ताई, तुझी माता बहिरी आहे का गं? तेच तेच किती वेळा सांगतेस तिला?"

"तिला चांगलं ऐकू येतं. कान तुझे फुटलेत," थोरली म्हणायची. वर्षानुवर्षं हेच चालायचं, आणि खरं सांगायचं तर दोघींनाही त्याशिवाय करमायचं नाही.

मग धाकटीच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, आवाज बारीक झाला. आतल्या खोलीतून हाक ऐकू येईना, म्हणून थोरलीनं खाटेच्या कठड्याला सायकलची घंटी बसवून दिली. झालं, धाकटीला खेळणंच मिळालं. पाणी हवं, ट्रिंग. उशी सरकली, ट्रिंग. थोरली कुरकुरत उठायची, पण उठायची. केलं हो तिनं, बहिणीचं सगळं केलं. त्यात कुणी बोट ठेवू शकणार नाही. फक्त माळेच्या वेळी उठायची नाही, आणि धाकटीही तेवढा वेळ घंटीला हात लावायची नाही.

एका संध्याकाळी मात्र माळ निम्मी झाली आणि घंटी वाजली. थोरलीनं डोळे घट्ट मिटले. पुन्हा वाजली. "नमो मरिये," थोरलीनं आवाज चढवला, म्हणजे आत कळावं. तिसऱ्यांदा वाजली ती जरा हळूच, आणि मग थांबली. थोरलीनं उरलेले मणी भराभर उरकलेही नाहीत. नेहमीसारखेच सावकाश ओढले, माळ डबीत ठेवली आणि मग आत गेली.

"काय हवं होतं?"

धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "काही नाही."

"मग वाजवलीस कशाला? वेळकाळ आहे की नाही काही?"

"चुकलं. परत नाही वाजवणार," धाकटी म्हणाली.

एरवी तिनं दोन टोमणे तरी मारले असते. थोरलीच्या ते लक्षात आलं, आणि तिला वाटलं, बरं झालं, जिरली. हो, अगदी असंच वाटलं.

पुढे धाकटी खचतच गेली. माळेच्या वेळी घंटी पुन्हा कधी वाजली नाही. एका सकाळी थोरली दूध घेऊन आत गेली, हाका मारल्या, तर बहीण उठली नाही.

माती दिल्यावर घर आवरायला एक बाई आली. धाकटीला आंघोळ घालायला रोज यायची, तीच. उशीचा अभ्रा काढताना आतून एक माळ खाली पडली. लाकडी, हाताळून काळी पडलेली, दोघींच्या आईची. ती तर कपाटात वरच्या कप्प्यात असायची.

"ही इथे कशी?" काजवालीनं विचारलं.

"मीच काढून दिली होती की," बाई म्हणाली. "मागे एकदा धाकट्या बाईंनी मागितली. म्हणाल्या, आज ताईला चाटच पाडते. मला सगळं आठवत नाही, मध्येच अडते, तर तिला आत बोलावते आणि तिच्याबरोबर म्हणते. का हो, म्हटली नाही त्यांनी?"

काजवाली खाटेवर बसली. "नाही," एवढंच म्हणाली.

रविवारी ती फादरांना भेटली. फादर भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही प्रार्थना करत होतात, पाप नव्हतात करत. मातेनं केव्हाच माफ केलं असेल."

"तिचं काय हो, ती कुणालाही माफ करते," काजवाली म्हणाली. "इतकी वर्षं मी एकच मागत होते. तिनं दिलं. घंटी वाजवून कळवलंसुद्धा. आणि मी तिलाच सांगितलं, थांब, माझी प्रार्थना चालली आहे."



आता संध्याकाळी ती आतल्या खोलीत, त्या रिकाम्या खाटेपाशी बसते. आईचीच माळ घेते. दाराशी कुणी आलं की मणी सोडून उठते, दार उघडते, सदरे मोजून घेते, परत येऊन बसते. पण माळ निम्मी झाली की ती थांबते. "माता नव्हती गं बहिरी, धाकटे," म्हणते, "मीच होते." आणि उरलेले मणी तसेच ठेवून उठते.