काकांचं बोट

गोडादऱ्यात मी ज्या खानावळीत स्वयंपाक करते, तिथे रोज दुपारी एक काका जेवायला येतात. वय सत्तरीपुढचं, सगळी उमर कापडाच्या लूमवर गेलेली. घास चावून झाला की ते डाव्या हाताचं बोट वर करतात. म्हणजे आता कुणी बोलायचं नाही. क्षणभर काहीच होत नाही. मग गळ्याची घाटी वर जाते, खाली येते, आणि बोटही खाली येतं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, माझी भाजीच गळ्याखाली उतरत नाहीये. भीत भीत विचारलं, तर हसले. "डॉक्टर म्हणे, घसा ठणठणीत आहे. वयानं गिळणं जरा उशिरा सुरू होतं, एवढंच. आमचा जुना लूमही बटण दाबल्यावर आधी विचार करायचा!"

माझी शाळा सातवीतच सुटली, गाव लांब राहिलं. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार? आणि एक दिवस वरणात दोनदा मीठ पडलं. पहिलं ताट काकांचं. गल्ल्यावरून खानावळीच्या गुजराती शेठने विचारलं, "केम काका, दाल कैसी है?"

काकांनी बोट वर केलं. घाटी वर गेली, खाली आली. बोट मात्र वरच. शेठ वाट बघून कंटाळला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला.

"पोरी," काका हळूच अहिराणीत म्हणाले, "दायमा पानी टाक."

मी वरणात तांब्याभर पाणी ओतलं. शेठ परत आला तेव्हा काकांचं बोट पुन्हा वर होतं.