चुलीवरची माती

चुलीवर माती शिजवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमच्या चौलच्या घरातले भाडेकरू मास्तर. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. वाडीतली माती पाण्यात उकळायची, गाळायची आणि त्या तांबूस पाण्यात देवळाच्या तळ्यातलं शेवाळ वाढवायचं, हा त्यांचा उद्योग. सासूबाई विचारायच्या, "मास्तर, हिला फोडनी नको काय?" मास्तर म्हणायचे, "नको आजी, मीठसुद्धा नको." चेष्टा त्यांना कळत नसे. मी मातीसाठी एक पोचे आलेलं पातेलं वेगळं काढून दिलं आणि बजावलं, माझ्या डाळीच्या पातेल्याला हात लावलात तर खोली खाली करायची.

त्यांचं म्हणणं एकच. मुलं उपाशीपोटी कवायतीत चक्कर येऊन पडतात, आणि तळ्यात अन्न तरंगतंय. ते हिरवं पाणी म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हिरवे दाणे. त्यातला कोण कुठल्या जातीचा आणि त्याच्यात कस किती, हे ठरल्याशिवाय मुलांच्या तोंडाशी नेता येत नाही. त्यासाठी मुंबईच्या प्रयोगशाळेला एकाच जातीचा निर्भेळ नमुना हवा. म्हणून शाळेतून घरी आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या काचनळीने एकच दाणा उचलायचा आणि उकळून गार केलेल्या पाण्यात सोडायचा. एका दाण्याला अख्खा रविवार जायचा. जेवायला हाक मारली की पुटपुटायचे, "वहिनी, हळू बोला, तो हलेल." वाळवलेली हिरवी पूड सोनाराच्या काट्यावर तोलायला नेली, तर सोनार म्हणाला, "मास्तर, नथ घडवू का बांगड्या?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "आधी जाळून राख तोलायची आहे."

दिवाळीच्या सुट्टीत ते माणगावला घरी गेले. खिडकीतल्या त्यांच्या शेवाळाच्या बाटलीतलं पाणी उतरलेलं मला दिसलं. जिवंत काही घरात सुकू द्यायचं नाही, ही आमची रीत. कापसाचा बोळा काढला, वाटीभर विहिरीचं पाणी घातलं, बोळा परत लावला. मास्तरांनी येऊन तीच बाटली मुंबईला धाडली. पत्र आलं, नमुन्यात भेसळ आहे, शुद्ध पाठवा. मास्तर दोन दिवस धड जेवले नाहीत. स्वतःची चूक शोधत वहीची पानं उलटत बसले. तिसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं, "पाणी मी घातलं होतं." त्यांनी वही मिटली. मग विचारलं, "उकळलं होतंत?" "नाही." "मग पुन्हा करू." एवढंच. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर माती मी शिजवली. पाणीही मीच उकळलं. पुढे आंबे उतरत होते तेव्हा पत्र आलं. दाण्याचं नाव क्लोरेला, आणि प्रथिनं डाळीहून जास्त. मास्तरांनी पूड घालून भाकरी करायला लावली. पहिला घास मी खाल्ला. चव ओल्या भिंतीची. तसं तोंडावर सांगितलं. मास्तर विचारात पडले. "चव तपासायची राहिलीच," म्हणाले, आणि दोन भाकऱ्या संपवल्या.

मुलांनी ती कधी खाल्ली नाही. मास्तरांना दुसऱ्या गावी नोकरी लागली, काही वर्षांनी ते वारल्याचंही कळलं. एक बाटली माझ्याकडे ठेवून गेले होते. ती खिडकीत आहे, अजून हिरवी आहे. आता निर्भेळ असेल असं मला वाटत नाही. पाणी उतरलं की घालते. उकळून, गार करून.