कव्हरं घालायला

दुपारची जेवणं आटोपली की श्रीनिवास डबीर पुण्याच्या घराच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर पुस्तक घेऊन बसतात आणि दोन पानं होतात न होतात तोच त्यांचे डोळे मिटायला लागतात. त्या पेंगेत हल्ली एकच गोष्ट हटकून आठवते: बंडा तांबटाचं पत्र.

मिरजेच्या शाळेत दोघं एका बाकावर बसत. पुढं डबीर छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता म्हातारे झाले आणि बंडा वडिलांच्या तांब्या-पितळेच्या दुकानात. शाळा खासगी, अनुदान नाही. पालक आणि जुने विद्यार्थी हातभार लावतात म्हणून तगून आहे. दरवर्षी मे अखेरीला ही मंडळी वर्गात जमतात, खळ शिजवतात, वाचनालयाची फाटकी पुस्तकं चिकटवतात आणि त्यांना कव्हरं घालतात. 'यंदा ये. हात कमी पडतात,' एवढंच बंडानं गेल्या उन्हाळ्यात लिहिलं होतं. डबीरांनी कितीदा कागद पुढ्यात घेतला. लोक शाळेला पंखे देतात, बाकं देतात; आपण काय देणार? आपल्याला चार माणसांत धड बोलताही येत नाही. उत्तर राहून गेलं. दिवाळीत बंडाही गेला.

मांडीवरचं पुस्तक घसरतं. ते उचलायला डबीर खाली वाकतात, तर समोर त्यांचा जुना छापखाना. यंत्र चालू आहे, पण आवाज नाही. अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांमधून लहान मुलांच्या चपला रचून ठेवल्यात, एकेका खणात एकेक. जोड कुठंच लागत नाही. ते एक खण ओढतात आणि पायांखाली वर्गाची शहाबादी फरशी येते.

"आलास होय," बंडा म्हणतो. तो मांडी घालून बसलाय, पुढ्यात पातेलं. "बस खाली. पंडितांना खुर्ची नाही इथं."

"बंडा, तू तर..."

"गेलो की. म्हणून काय काम थांबतंय? बोटं बुडव."

डबीर बोटं बुडवतात. खळ गरम आहे, मोरचूद घातल्यामुळं निळसर झालेली. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून घालतात. पलीकडं एक बाई पुस्तकाच्या पाठीवर कापडाची पट्टी बसवतेय.

"ही शाळेतल्या अंजूची आई," बंडा सांगतो. "खळ हिची. आम्ही नुसते चोपडणारे."

"पातळ झाली का हो, काका?" ती विचारते.

"नाही नाही, बरी आहे," डबीर म्हणतात, आणि आपल्याला यातलं काय कळतं म्हणून लगेच ओशाळतात. मग बंडाकडं झुकून हळूच विचारतात, "मला एक सांग. लोक येतात कशाला इथं? देतात कशाला? शाळेचे उपकार वाटतात म्हणून?"

"उपकार कसले. पंखे दिले तो जमदाडे आठवतो? गणिताच्या तासाला कायम दाराबाहेर. आता येतो आणि पंख्याखाली बसून राहतो. कुणी उठवत नाही. आणि हिला विचार की."

अंजूची आई हसते. "मला शाळेत घातलंच नव्हतं, काका. कामाच्या नावाखाली वर्गात बसायला मिळतं."

"आणि तू?" डबीर बंडाला विचारतात.

वर्गाच्या भिंती लालसर होत जातात, वाकतात. दोघं एका भल्यामोठ्या हंड्याच्या तळाशी बसलेत. अंजूची आई कुठं दिसत नाही. वर, फार वर, गोल तोंडाएवढं आभाळ.

"बायको गेल्यावर घरात आवाज म्हणून उरला नाही," बंडा म्हणतो, आणि ते सगळ्या बाजूंनी घुमतं. "शाळेत काही ना काही मोडलेलं असायचं. जायला निमित्त."

"पण मला लिहिलंस, हात कमी पडतात म्हणून."

"हात होते रे भरपूर. तुला नुसतं 'ये' म्हणून लिहायची लाज वाटली. आपण काय तसं बोलणारी माणसं आहोत?"

"मला कळलं असतं तर आलो असतो."

"नसतास आला. चांगलं वाक्य सुचायची वाट बघत बसला असतास." बंडाच्या बोलण्यात राग नाही, तेच डबीरांना सोसत नाही.

"आता आलो तर?"

"आता पहिलीला एक पोर नाही. सगळी इंग्रजीकडं गेली. कव्हरं घातलेली पुस्तकं कपाटात तशीच आहेत. उघडतंय कोण?"

"मग अजून घालता कशाला?"

बंडा पुस्तक पुढं सरकवतो. "कड धर."

डबीर कड धरतात. बंडाच्या बाजूची ओढ हळूहळू सैल होते. ते मान वर करतात. समोर कुणी नाही आणि धरलेली कड हातात तशीच आहे.

"बाबा, चहा." सून वसुधा कप घेऊन उभी आहे. "बोटांना काय हे? झोपेत कणीक मळलीत की काय?"

डबीर हात पाहतात. बोटांवर पांढुरकी पापडी वाळलीय, कडांना निळी झाक. नखानं खरवडली तर पापुद्रा सुटतो. या घरात खळ कधी शिजलेली नाही.

"धुऊन टाका आधी," वसुधा म्हणते. ते मान हलवतात, पण उठत नाहीत. कुठंतरी हात लागला असेल, असं स्वतःला सांगून बघतात. पटत नाही. आणि पटलं काय, न पटलं काय, बंडा आता भेटायचा नाही.

चहा निवून जातो. ते कागद ओढतात आणि सुचेल तसं लिहितात: 'मे अखेरीला येतो. माझा हात थरथरतो, कडा वाकड्या जातील. बोलायला कुणी असेल तर बरं वाटेल. नसेल तरी बसेन.' पाकिटावर हात सवयीनं बंडाचंच नाव लिहून जातो. ते खोडवत नाही. खाली शाळेचा पत्ता येतो आणि त्या दोहोंच्या मधे, दाटीवाटीनं, 'यांच्या जागी जे कुणी असेल त्यांस.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ते काठी टेकत जातात. पाकीट फटीत धरून थोडं घुटमळतात, मग सोडतात. ते थेट पत्र्यावर आपटल्याचा आवाज येतो. आत दुसरं एकही पत्र नसावं.